खासगी बांधाचा धोका कसा ओळखावा?

सभासद बंधूंनो, उसाला उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून आपल्यापैकी कोणी एकट्याने, कोणी भावकीने ओढ्यावर मातीचा बांध घालतो. त्याचा हिशेब आपण एकाच बाजूने करतो : किती एकर भिजेल? सुरक्षिततेच्या शास्त्रात पहिला प्रश्न निराळा आहे. बांध फुटला तर पाण्याच्या वाटेत कोण?

धोक्याचा वर्ग यावरून ठरतो. खाली पडीक रान असेल तर धोका कमी. उभे पीक, रस्ता, पंपघर असेल तर मध्यम. वस्ती, शाळा किंवा तोडणी टोळीच्या कोप्या असतील तर उच्च. मग बांध कितीही पक्का असो. हा वर्ग बांधाची तब्येत सांगत नाही, तो फुटल्याचे परिणाम सांगतो. तब्येत वेगळी तपासावी लागते. शिवाय वर्ग कायमचा नसतो. खाली चार घरे नवी झाली, की तोच बांध वरच्या वर्गात गेला.

उमेळे ज्या वसई तालुक्यात आहे, तिथली बागायतीची बावखले जमिनीत खोदलेली. पाणी जमिनीच्या पातळीखाली, म्हणून लोंढ्याचे भय नाही. बांधाआड पाणी जमिनीच्या वर तोलून धरलेले असते. एक हेक्टर पाणी सरासरी ४ मीटर खोल धरले, तर वजन ४० हजार टन. दहा टनी ट्रॉलीच्या ४ हजार खेपा!

चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण सरकारी, लघुपाटबंधाऱ्याचे. ते २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील वीसहून अधिक माणसे गेली. केनियात सोलाई येथे ९ मे २०१८ रोजी एका खासगी मळ्याचे धरण फुटून चाळीसहून अधिक बळी गेले. धरणे लहान, पण वाटेत वस्ती होती.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरमधील धरण १० लाख घनमीटर साठ्याचे किंवा ५०० मीटर लांबीचे असले, तरी तो लागतो. देखभाल व पावसाळ्याच्या आधी-नंतरची तपासणी ही मालकाची जबाबदारी. आपले बहुतेक बांध याहून ठेंगणे. म्हणजे सरकारी तपासनीस येईलच असे नाही. डोळे आपलेच हवेत.

काय पाहावे? सांडव्यात फळ्या, जाळी वा झुडपे नसावीत. मातीच्या बांधावरून पाणी गेले की तो धुपून जातो. बांधावर झाडे वाढू देऊ नयेत. मुळे कुजली की पाण्याला वाट होते. खेकड्या-उंदरांची बिळे बुजवावीत. पायथ्याचा पाझर निवळ असेल तर त्यावर नजर ठेवावी. गढूळ झाला तर आतली माती वाहते आहे असे समजून त्याच घटकेला खालची वस्ती हलवावी, तलाठ्याला कळवावे आणि जाणकार अभियंता बोलवावा. पाणी एकदम उपसू नये, आतला उतार ढासळतो.

शेवटची गोष्ट गळिताची. पाणी जवळ म्हणून टोळ्या ओढ्याकाठी उतरतात, आणि नेमका तेव्हा तलाव भरलेला असतो. यंदा कोप्यांची जागा दाखवण्यापूर्वी वर कोणाचा बांध आहे, एवढे आपण पाहूच पाहू.