सिंह, हत्ती आणि संकराचा प्रश्न

'हायब्रीड' हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत ज्वारीबरोबर आला. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण शेतकऱ्यांच्या हाती पडले. पुढे संकरित गायीही गोठ्यात आल्या. भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही, अशी कुरकुर झाली खरी. पण कणसे भरघोस आली, म्हणून संकराला कोणी वाईट म्हटले नाही. मग प्राणिसंग्रहालयातील सिंहाच्या बाबतीत हाच संकर दोष का ठरावा? प्रश्न प्राणिशास्त्राचा असला, तरी कला शाखेच्या विद्यार्थ्यानेही त्याचा विचार करावा असा आहे. कारण 'शुद्ध' आणि 'संकर' हे शब्द आपण प्राण्यांपुरतेच वापरत नाही.

प्रथम उपजाती म्हणजे काय ते पाहू. एकाच जातीचे प्राणी निरनिराळ्या प्रदेशांत हजारो वर्षे अलग राहिले, की त्यांच्यात काही स्थिर फरक पडतात. अशा गटास उपजाती म्हणतात. आशियाई सिंहाची आयाळ आफ्रिकी सिंहाच्या मानाने विरळ असते, त्यामुळे त्याचे कान दिसतात. पोटाखाली कातडीची लांबट घडीही असते. या दोहोंचा संकर सहज होतो. त्यांची संतती खेचरासारखी वांझ निघाली असती, तर प्रश्न एका पिढीतच संपला असता. परंतु संकरित सिंहालाही पिल्ले होतात, त्या पिल्लांनाही होतात, आणि दोन-चार पिढ्यांनंतर मिश्रण डोळ्यांना ओळखूही येत नाही.

अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांना याचा अनुभव आला. १९८० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी आशियाई सिंहांच्या संवर्धनाची संयुक्त योजना हाती घेतली. वंशावळीची नोंदवही ठेवली गेली, जोड्या विचारपूर्वक जमवल्या गेल्या. मात्र १९८७ साली स्टीफन ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या सिंहांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध केली. ज्या पाच सिंहांपासून हा वंश वाढला होता, त्यांपैकी दोघे अस्सल आशियाई नव्हते, असे निघाले! नोंदवही काटेकोर होती. पण तिच्या पहिल्याच पानावर चूक होती. योजना बंद करावी लागली. पुढे १९९० नंतरच्या दशकात युरोपने हे काम नव्याने उभारले, ते जुनागढच्या सक्करबागेतील सिंहांचा वंश घेऊन.

आपल्या देशातही असेच घडले. पंजाबातील छतबीर प्राणिसंग्रहालय १९७७ साली सुरू झाले. तेथे आशियाई सिंह आणि सर्कशीतून आलेले आफ्रिकी रक्ताचे सिंह यांची संतती वाढत गेली, आणि शतकाच्या अखेरीस ही संख्या सत्तर-ऐंशीच्या घरात पोहोचली. अनेक सिंह दुबळे निघाले, रोगांना बळी पडू लागले. शेवटी नरांची नसबंदी करून प्रजनन थांबवण्यात आले. उरलेल्या सिंहांना अन्न मिळाले, औषधपाणी मिळाले. वंश मात्र पुढे न्यायचा नाही, असे ठरले. या सिंहांचा स्वतःचा अपराध कोणता होता?

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. थोड्याशा प्राण्यांतून, जवळच्या नात्यात, वारंवार प्रजनन होत गेले की संतती दुबळी होते. तो दोष संकराचा नव्हे. उलट तो धोका शुद्ध वंशालाच अधिक! गीरचेच उदाहरण घ्या. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे अगदी थोडे सिंह उरले होते. जुनागढच्या नवाबांनी शिकारीला आवर घातला, पुढे सरकारी संरक्षण मिळाले, आणि २०२५ च्या गणनेत गुजरातमधील सिंहांची संख्या ८९१ भरली. ही वाढ अभिमानास्पद आहे. पण हा सारा परिवार त्या मूठभर पूर्वजांचा. म्हणून गीरच्या सिंहांत आनुवंशिक विविधता फारच कमी आढळते, आणि नरांच्या शुक्राणूंत दोषांचे प्रमाण अधिक दिसले आहे.

अशा वेळी संकर तारकही ठरतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात प्यूमा नावाच्या मोठ्या मार्जारवर्गीय प्राण्याचे वीस-तीसच नमुने उरले होते, आणि नात्यातील प्रजननामुळे त्यांच्यात हृदयाचे व प्रजननेंद्रियांचे दोष दिसू लागले होते. १९९५ साली टेक्सासमधील आठ माद्या मुद्दाम तेथे सोडण्यात आल्या. त्यांची संतती सुदृढ निघाली आणि संख्या शंभराच्या पुढे गेली. येथे उपजातीच्या शुद्धतेपेक्षा प्राण्याचे जगणे मोठे मानले गेले.

हत्तींची कथा थोडी वेगळी. आशियाई आणि आफ्रिकी हत्ती या उपजाती नव्हेत. त्यांच्या वाटा लाखो वर्षांपूर्वीच फुटल्या. आशियाई हत्तीचे नाते आफ्रिकी हत्तीपेक्षा नामशेष झालेल्या मॅमथशी अधिक जवळचे. त्यामुळे यांना संतती होणार नाही, अशीच समजूत होती. पण ११ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयात जंबोलिनो हा आफ्रिकी नर आणि शिबा ही आशियाई मादी यांना पिल्लू झाले. त्याचे नाव मॉटी. कान आफ्रिकी वळणाचे. सोंडेच्या टोकाला बोट मात्र आशियाई हत्तीप्रमाणे एकच. ते दिवस पूर्ण न होता जन्मले होते. दहा दिवसांनी जंतुसंसर्गाने ते गेले. त्याचे शरीर लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जतन केले आहे.

शिवाय शास्त्रज्ञांनी आखलेल्या रेषाही स्थिर नाहीत. आफ्रिकेतील जंगली हत्ती आणि गवताळ प्रदेशातील हत्ती दीर्घकाळ एकाच जातीत मोजले जात. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीने त्यांची दोन जाती म्हणून स्वतंत्र नोंद केली. सिंहांच्या बाबतीत उलट झाले. २०१७ च्या नव्या वर्गीकरणात आशियाई सिंह पश्चिम व मध्य आफ्रिकेतील सिंहांसह एकाच उपजातीत घातला गेला. तरीही युरोपातील योजनेत गीरचा वंश वेगळाच राखला जातो.

रेषा बदलत असतील, तर मग हा खटाटोप कशासाठी? उत्तर ज्वारीतच आहे. संकरित बियाणे शेतकऱ्याला दरवर्षी नवे घ्यावे लागते. घरचेच बी पुन्हा पेरले तर उत्पन्न घटते. आणि नवे बियाणे तयार होते ते कशामुळे? त्याचे मूळ आई-बाप वाण कोठेतरी वेगळे, नोंदीसह जपलेले असतात म्हणून. टेक्सासचे प्यूमा वेगळे उरले होते, म्हणूनच फ्लोरिडाला त्यांचा उपयोग झाला. मिसळणे केव्हाही शक्य असते. मिसळलेले पुन्हा वेगळे करणे शक्य नसते. नीर-क्षीर निवडणारा राजहंस काव्यात आहे, प्राणिसंग्रहालयात नाही. म्हणून शुद्ध वंश राखायचा, तो श्रेष्ठ आहे म्हणून नव्हे; पुढच्या पिढीला निवड करण्याची मुभा राहावी म्हणून.

याच कारणाने हा युक्तिवाद माणसांना लागू करता येत नाही. आजच्या मानवजातीत उपजाती नाहीत. 'वर्णसंकर' या शब्दाची भीती घालणाऱ्यांना प्राणिशास्त्राचा आधार मिळणार नाही.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०२२ साली सक्करबागेतून आशियाई सिंहांची जोडी आणली गेली. कधी तिकडे जाणे झाले, तर आयाळ पाहून परतू नये. या सिंहाचे आई-बाप कोठले, हेही विचारावे. आणि एखाद्या ठिकाणी 'संकरित' असे उत्तर मिळाले, तर त्या सिंहाला कमी लेखू नये. त्याच्या आई-बापांची नोंद ठेवणे हे माणसाचे काम होते.