ग्वाल्हेरच्या कातळावर एकट्याने जाताना

३ ऑगस्ट १७८० च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपहॅमच्या तुकडीने शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला मराठ्यांकडून घेतला. दिवस भर पावसाळ्याचे. पायथ्याशी सोळा फुटांचा कातळ, त्यावर अंगावर येणारी चढण आणि शेवटी तीस फुटांचा तट. शिपायांच्या पायांत कापूस भरलेले लोकरी कापडाचे जोडे होते, पाय घसरू नये आणि चाहूलही लागू नये म्हणून. तयारी जय्यत होती, पण चढायचे कुठून हे इंग्रजांना ठाऊक नव्हते. किल्ल्यात चोरवाटेने ये-जा करणाऱ्या लुटारूंकडून ती जागा इंग्रजांच्या बाजूने असलेल्या गोहदच्या राण्याच्या माणसांना कळली, त्यांच्याकडून इंग्रजांना. कडा सर झाला तो कड्याखाली वावरणाऱ्यांच्या माहितीवर.

गाडीत दोर, तंबू आणि शेगडी टाकून महाराष्ट्रातून एकट्याने उत्तरेकडे निघालेल्या प्रस्तरारोहकाने ही हकीकत जरूर वाचावी. मैदानातून एकदम उठलेला किल्ल्याचा कडा लांबूनच दिसतो आणि हात शिवशिवू लागतात. त्या कड्याला मात्र हात लावायचा नाही. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि उरवाई दरवाजाच्या बाजूला त्याच कातळात पंधराव्या शतकातल्या जैन मूर्ती कोरलेल्या आहेत. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास स्मारक कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण शिक्षेची भीती नसती तरी जिथे पाचशे वर्षांपूर्वीच्या छिन्नीचे घाव दिसतात तिथे बोल्ट ठोकणे हा करंटेपणाच ठरला असता.

राहिल्या आसपासच्या टेकड्या आणि सुटे धोंडे. इथे सह्याद्रीची सवय नडते. सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्हा थिजून झालेला. त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, म्हणून चांगला बेसॉल्ट भिजला तर निसरडा होतो, त्याची ताकद फारशी घटत नाही. ग्वाल्हेरचा दगड विंध्य समूहातला वालुकाश्म. वाळूचे कण कुठे सिलिकाने, कुठे लोहाने, तर कुठे नुसत्या चिकणमातीने सांधलेले. पाणी मुरले की हा सांधा ढिला पडतो. वरचा पापुद्रा तासाभरात वाळतो, आतला ओलावा दिवसेंदिवस टिकतो.

ग्वाल्हेरजवळच्या एका टेकडीवर हे डोळ्यांदेखत घडताना पाहिले आहे. पाऊस थांबून एक दिवस झाला होता, कातळ लख्ख कोरडा दिसत होता. बरोबरच्या मुलाने कपाच्या कानासारखी सुरेख पकड धरली, अंगाचा भार टाकला आणि ती मुळासकट हातात आली. पुरुषभर उंचीवरूनच पडला, घोटा गेला. तुटलेला तुकडा मी उचलून पाहिला. बाहेरून फिकट गुलाबी, आतून गडद तपकिरी आणि गार. अंगठ्याने चोळला तर वाळू झरत होती. आम्ही दोघांनी खांदा देऊन त्याला गाडीपर्यंत आणले. सपाट वाट, पण त्याला पाऊल टेकवत नव्हते. एकटा असता तर हे अंतर त्याला रांगत कापावे लागले असते.

जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या वालुकाश्माच्या सुळक्यांवर ओल्या दगडावर चढायला बंदी आहे.  आपणही नियम साधा ठेवावा: पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन मिळाल्याशिवाय चढायचे नाही. कड्याच्या पायथ्याची माती बोटभर उकरून पाहावी. आत ओल लागली तर दोर गाडीतच राहू द्यावा. दगडाच्या खाणींत उघडे पडलेले सरळसोट कडे फार मोह घालतात, पण सुरुंगांनी ते आतून खिळखिळे झालेले असतात. शिवाय बेकायदा खाणकामाचे या भागातले प्रकरण साधे नाही. मार्च २०१२ मध्ये मुरैना जिल्ह्यात बामोरजवळ आयपीएस अधिकारी नरेंद्र कुमार अवैध दगडाने भरलेल्या ट्रॅक्टरखाली चिरडले गेले. खाणीच्या वाटेवर अनोळखी गाडी लावून रात्री तंबू ठोकण्याचे धाडस कुणी करू नये.

पाण्याचे भय दगडापेक्षाही मोठे. १५ ऑगस्ट २०१८ ला ग्वाल्हेर-शिवपुरीच्या सीमेवर सुलतानगढच्या धबधब्यात सुट्टीचा आनंद घेणारी माणसे खडकांवर बसली होती. वर कुठेतरी पाऊस झाला आणि पार्वती नदीला अचानक लोंढा आला. काही तरुण वाहून गेले, चाळीसच्या आसपास माणसे मधल्या खडकावर अडकली. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने पाच जणांना उचलले, तेवढ्यात अंधार पडला. बाकीच्यांना बाहेर काढण्यासाठी रात्रभर दोर लावावे लागले आणि त्यात पाण्याची नस ओळखणारे आसपासचे गावकरी पुढे होते. नदीपात्रातला सपाट कातळ तंबूसाठी कितीही सोयीचा दिसो, पावसाळ्यात त्यावर मुक्काम करू नये. चंबळच्या वाळूवर तर कोणत्याच ऋतूत नको. ते घडियालांचे अभयारण्य आहे, उन्हाळ्यात मादी त्याच वाळूत अंडी घालते, आणि त्याच पाण्यात माणसावर हल्ला करणारी मगरही असते. घाटीगावच्या बाजूला सोनचिरैया अभयारण्य, शिवपुरीला माधव राष्ट्रीय उद्यान. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढणे गुन्हा आहे.

थंडीतली एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. डिसेंबर-जानेवारीत इथे हाडे गोठवणारी रात्र असते आणि कोळशाची शेगडी पेटवण्याची रीतच आहे. तंबूत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत ती कधीही घेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला उठवायला शेजारी कुणी नसते.

आता एकटेपणाविषयी. दोघे असले की एकाचे काम दुसऱ्यावर लक्ष ठेवण्याचे असते: गाठ तपासणे, वरची कपार न्याहाळणे. कपारीखाली काळे, लोंबते आग्या मोहोळ असेल तर तो मार्ग सोडून द्यायचा, हे खाली उभ्या माणसाला आधी दिसते. दोरावर लटकलेल्या माणसावर माश्या उठल्या तर त्याला पळताही येत नाही. एकट्याने ही सगळी तपासणी जमिनीवरच, दुर्बिणीने आणि सावकाश उरकावी. उतरण्याच्या दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारावी. मोबाइल पायथ्याच्या सॅकमध्ये न ठेवता खिशात, चेन लावून ठेवावा. रेंज कुठे मिळते ते चढण्याआधी फिरून पाहावे. दोरावर एकट्याने चढण्याचे तंत्र वेगळे आहे, ते घरच्या कड्यावर जाणत्या माणसाच्या नजरेखाली घटवावे. सहलीत शिकायचे ते नाही. मुंबईची गिरिविहार ही संस्था १९५४ पासून काम करते आहे, महाराष्ट्रात जागोजाग अशा संस्था आहेत. त्यांच्या जुन्या मंडळींना विचारण्यात कमीपणा कसला?

एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात ॲरन राल्स्टन वालुकाश्माच्या घळीत एकटाच उतरला. एक धोंडा सरकला आणि त्याचा उजवा हात अडकला. कुठे जातो हे त्याने कुणालाही सांगितले नव्हते, त्यामुळे त्या घळीकडे शोधायला कुणी येण्याची आशा नव्हती. पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून तो बाहेर पडला. एका चिठ्ठीने शोध कितीतरी आधी सुरू झाला असता.

ग्वाल्हेर परिसरात तर चिठ्ठीपेक्षा चांगली सोय आहे, ती म्हणजे गाव. टेकडीखालच्या चहाच्या टपरीवर गाडी थांबवावी, कुठे चढणार आणि किती वाजता परतणार ते सांगावे. बकऱ्या चारणाऱ्या पोराला विचारावे की कोणत्या कड्यावरून दगड येतात, मोहोळ कुठे आहे, पाणी कुठून भरते. १७८० मध्ये वाट अशाच माणसांना माहीत होती आणि २०१८ मध्ये सुलतानगढलाही दोर घेऊन अशीच माणसे धावली. हिंदी मोडकीतोडकी असली तरी भागते, आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागात मराठी बोलणारी घरे आजही आहेत.

यायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. पहाटेच्या दाट धुक्यात गाडी काढू नका. घरच्या माणसाला रोजचे ठिकाण आणि फोनची ठरलेली वेळ कळवा, आणि ती वेळ टळली तर ११२ वर कळवायचे हेही त्याला आधीच सांगून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. मोठे सरकारी रुग्णालय, जयारोग्य, ग्वाल्हेर शहरात आहे. तिथवरचा रस्ता चढायच्या आदल्या दिवशीच पाहून घ्या.