जुन्या कौलारू घराचा पोटमाळा आणि खेळती हवा

आपल्यापैकी अनेकांच्या गावाकडील घरांत कौलांखाली पोटमाळा असतो. पूर्वी तेथे धान्य व सरपण असे. आता जुने दाखले, पत्रे, छायाचित्रे व पुस्तके यांची ट्रंक असते. घराण्याचा लिखित इतिहास बहुधा एवढाच. उन्हाळ्यात भट्टीसारखा तापणारा आणि पावसाळ्यात कोंदटणारा माळा हा त्याचा पहिला शत्रू होय.

नळीच्या कौलांच्या फटींतून तापलेली हवा सहज निसटे. १८६५ साली बाझेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. ही मंगलोरी कौले एकमेकांत घट्ट बसतात. तरी त्यांच्या सांध्यांतूनही थोडी हवा जाते. चुलीच्या धुराने वासे काळे पडत, पण कोरडे राहत, कीडही कमी लागे. (त्या धुराने बायकांचे डोळे जात, याचा उल्लेख जुन्या घरांच्या कौतुकात येत नाही.) गॅस आला, हे उत्तमच झाले. परंतु पुढे आपण कौलांखाली प्लॅस्टिक ताणले, प्लायवूडचे छत ठोकले आणि वळचणीच्या फटी सिमेंटने बुजवल्या. स्वयंपाकाची व अंघोळीची वाफ मात्र वर जातच राहिली.

तापलेली हवा हलकी होऊन आढ्याशी साठते. ती बाहेर पडावी म्हणून वर वाट हवी, आणि तिची जागा घेण्यास खालून, वळचणीपाशी, ताजी हवा आत यावी. केवळ वर भोक पाडणे किंवा पंखा बसवणे अपुरे आहे. खालची वाट नसेल तर तो पंखा खोल्यांतीलच हवा ओढतो. अमेरिकेतील बांधकाम नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १५० व्या भागाइतकी मोकळी जागा सांगितली आहे. खाली-वर समतोल असल्यास ३०० वा भाग चालतो. म्हणजे ३०० चौरस फुटांच्या माळ्यास सुमारे १ चौरस फूट, निम्मी खाली व निम्मी वर. जाळीच्या तारा जागा अडवतात, तेव्हा भोके याहून मोठी ठेवावीत. आपला उन्हाळा पाहता मी तर दुप्पट ठेवण्याचा सल्ला देईन.

वरची वाट दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत, आढ्यालगत, झरोके पाडून करता येते. त्यांवर तिरक्या पट्ट्या बसवाव्यात, नाहीतर कोकणातला तिरपा पाऊस थेट आत येतो. वटवाघळे व गांधीलमाश्यांसाठी आतून बारीक जाळी हवीच. वळचणीच्या झरोक्यांसमोर गोण्या, गाद्या रचू नयेत. ट्रंक भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी ठोकळ्यांवर ठेवावी. आणि दसऱ्यानंतर कोरडी हवा सुटली की एकदा उघडून कागद सावलीत पसरावेत.