ताकही फुंकून पिताना

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो. पण आपल्या होस्टेलवर ती शब्दशः जगणारी मंडळीही आहेत. मेसमध्ये कढी आली की वाटी बाजूला सारणारे, टपरीवर कोरा चहा मागणारे, सत्यनारायणाच्या तीर्थालाही हात पुढे न करणारे. कारण विचारा, उत्तर ठरलेले: "मला दुधाचं वावडं आहे." कधीपासून? "नववीत असल्यापासून." मग परत कधी घेऊन पाहिलं? "नाही बाबा, कोण रिस्क घेणार!"

मित्रहो, या लेखात आपण याच 'रिस्क'चा थोडा अभ्यास करू. वर्षानुवर्षे टाळलेला पदार्थ पुन्हा सुरू करता येतो का, कुणी करावा, कसा करावा आणि मुख्य म्हणजे कुणी अजिबात करू नये?

वावडं दोन प्रकारचं

मराठीत आपण सगळ्यालाच वावडं म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो. पहिला प्रकार ॲलर्जीचा. यात शरीराची संरक्षण यंत्रणा त्या पदार्थातल्या प्रथिनाला शत्रू समजते. अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, श्वास लागतो. अगदी थोड्या प्रमाणातही जिवावर बेतू शकते. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याला कुटाचा चमचाभर अंशही पुरतो. आपल्याकडे उसळीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळीकडे कूट असतो, तेव्हा हे लक्षात ठेवलेले बरे.

दुसरा प्रकार न सोसण्याचा. दूध न सोसणे हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचे एन्झाइम लागते. बाळपणी ते भरपूर असते, पुढे बहुतेक माणसांत कमी होत जाते. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांची हीच स्थिती आहे. भारतात १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर भारतीयांपैकी सुमारे २७ टक्के, तर दक्षिण भारतीयांपैकी सुमारे ६७ टक्के लोकांना लॅक्टोज सोसत नसल्याचे आढळले होते. म्हणजे हा काही विचित्र आजार नव्हे.

न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते. तिथले जीवाणू ती आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड असे वायू तयार होतात. शिवाय ही साखर आतड्यात पाणी खेचून घेते. पोट फुगणे, गुडगुडणे, कळ येणे, जुलाब होणे या सगळ्याचे मूळ हे. त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो.

या दोन प्रकारांतला फरक आपल्या भाषेत सांगायचा तर, ॲलर्जी म्हणजे स्विच. चालू किंवा बंद. न सोसणे म्हणजे लोड. कॉलम किती भार घेतो हे जसे मोजावे लागते, तसे पोट किती लॅक्टोज घेते हेही मोजावे लागते. 'दूध चालतं की नाही' हा प्रश्नच अपुरा आहे. 'किती चालतं' हा खरा प्रश्न.

भार किती?

शंभर मिली दुधात साधारण पावणेपाच ग्रॅम लॅक्टोज असते, म्हणजे मोठ्या कपभर (२५० मिली) दुधात सुमारे १२ ग्रॅम. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१० साली तज्ज्ञांची परिषद भरवली होती. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी एवढी मात्रा फारसा त्रास न होता सोसते, असा तिचा निष्कर्ष होता. टपरीच्या कटिंगमध्ये दूध असते ५० मिलीच्या आत-बाहेर!

सगळे दुधाचे पदार्थ मात्र सारखे नाहीत. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसते. पनीर करताना बरेचसे पाण्याबरोबर निघून जाते. दह्यात काहीचे लॅक्टिक आम्ल झालेले असते आणि उरलेले पचवायला दह्यातले जीवाणूच मदत करतात. ताक तर त्याहून पातळ. म्हणजे फुंकून प्यायचे ताक ही खरे तर पहिली पायरी! उलट आपले साताऱ्याचे कंदी पेढे घ्या. किलोभर खव्यासाठी साडेचार-पाच लिटर दूध आटवावे लागते. पाणी उडून जाते, लॅक्टोज कढईतच राहते. 'एकच तर पेढा' म्हणणाऱ्याने हा हिशोब जरूर करावा.

वडूजच्या मित्राची वही

आमच्या विंगमधला एक मित्र वडूजचा. खटाव तालुक्याचा तो दुष्काळी पट्टा. पाऊस दगा देतो तेव्हा घर चालते ते दुधाच्या दहा दिवसांच्या पगारावर. याच्याही घरी दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचे. पण नववीत यात्रेनंतर त्याला जोराचे जुलाब झाले, त्यानंतर दूध प्यायले की कळ यायची. तेव्हापासून सहा वर्षे दूध, दही, ताक सगळे बंद. घरच्या दुधाचा थेंब याच्या पोटात नाही, याचे आईला फार वाईट वाटायचे.

डॉक्टरांनी त्याला सांगितलेली गोष्ट महत्त्वाची आहे. जोराच्या जुलाबात आतड्याचे अस्तर दुखावते आणि लॅक्टेज तात्पुरते कमी होते. बहुतेक वेळा काही आठवड्यांत अस्तर भरून येते. पण आपण मात्र त्या एका महिन्याचे रीडिंग आयुष्यभर वापरत राहतो. गांधी, सूज, श्वास लागणे, वजन घटणे, शौचातून रक्त यांपैकी काही नाही याची खात्री करून डॉक्टरांनी त्याला हळूहळू सुरू करायला परवानगी दिली.

त्याने एक वही केली. पहिला आठवडा दूध पूर्ण बंद, फक्त रोजच्या पोटाची नोंद. हे झिरो रीडिंग. मग तीन दिवस दुपारच्या जेवणानंतर अर्धी वाटी ताक. मग तीन दिवस अर्धी वाटी दही, पुढे पूर्ण वाटी. नंतर दूध: ५० मिली, १००, १५०, २००. प्रत्येक पायरी तीन दिवस, आणि नेहमी जेवणाबरोबर. मध्येच एकदा पोट फुगले, पण वहीत त्या दिवशी मटकीची उसळ दोन वाट्या अशी नोंद सापडली. कडधान्यांनीही गॅस होतो, दोष दुधाचा नव्हता. ती पायरी त्याने पुन्हा केली. १५० मिलीपर्यंत सगळे ठीक, २०० ला गुडगुड सुरू. तो १५० वर परत आला. पठ्ठ्याला आपली मर्यादा सापडली.

तो 'बरा' झाला असे नाही. मोठेपणी दूध पिऊन लॅक्टेज वाढत नाही. रोज थोडे थोडे घेतल्याने मोठ्या आतड्यातले जीवाणू मात्र सरावतात आणि त्रास कमी होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून मध्येच महिनाभर खंड पडला, तर पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात करावी.

करून पाहणाऱ्यांसाठी

१. आधी डॉक्टरांना विचारा. मोठ्या शहरांत श्वासातला हायड्रोजन मोजून लॅक्टोजची तपासणीही होते.
२. एका वेळी एकच बदल. त्याच दिवशी मिसळ, नवी गोळी किंवा रात्रभर जागरण नको.
३. उपाशीपोटी नको. परीक्षेच्या आठवड्यात आणि एस.टी.च्या प्रवासात तर नकोच.
४. लिहून ठेवा. मात्रा, वेळ, त्रास. आठवणीवर विसंबू नका.
५. त्रास झाला तर थांबा, पोट शांत होऊ द्या, मग मागच्या पायरीवर या. जिद्दीने पुढे रेटू नका.
६. लॅक्टोज फोडलेले दूध हल्ली बाजारात मिळते. तेही बाधत असेल तर कारण वेगळे आहे, पुन्हा डॉक्टरांकडे जा.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: ज्यांना कधीही ॲलर्जीची लक्षणे आली आहेत त्यांनी खोलीवर असला प्रयोग करू नये. तो फक्त दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सिलिअॅक आजारामुळे गहू बंद असलेल्यांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून पोळी सुरू करू नये. बरे वाटते ते गहू बंद आहे म्हणूनच. रूममेट्सनीही "काही होत नाही रे, खा" असा आग्रह धरू नये, आणि असल्या मित्राच्या ताटात गुपचूप काही घालणे ही गंमत नव्हे.

दूध नाहीच जमले तरी बिघडत नाही. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तिळातही भरपूर. पण नुसत्या जुन्या भीतीपोटी ताटातला एक पदार्थ कायमचा कमी करण्याआधी त्याचे रीडिंग एकदा नव्याने घ्यावे. लॅबमध्ये आपण कुणाच्या जुन्या जर्नलमधले आकडे उतरवले तर सर सही करत नाहीत. मग पोटाच्या बाबतीत सहा वर्षांपूर्वीचा आकडा का चालवून घ्यायचा? ताक जरूर फुंकून प्या, पण पिऊन पाहा.