अंगठ्याच्या मुळाचा संधिवात आणि सांधेरोपण

हाताच्या एकूण कार्यक्षमतेत एकट्या अंगठ्याचा वाटा सुमारे ४० टक्के मानला जातो. इतर चार बोटांसमोर येण्याची क्षमता त्याच्यापाशी असल्याने सुई धरणे, विडी वळणे, धुणे पिळणे, कुलूप उघडणे ही कामे शक्य होतात. कायद्यानेही हे मूल्य ओळखले होते. कर्मकार नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के, तर तळहातातील हाडासह गमावल्यास ४० टक्के घट धरलेली होती. मात्र हा हिशेब अपघाताचा होता. वर्षानुवर्षे झिजणारा सांधा कोणत्याही एका तारखेला निकामी होत नाही आणि म्हणूनच तो सहसा कोणाच्या नोंदीत येत नाही.

सांध्याची रचना व झीज

मनगटातील आठ लहान हाडांपैकी ‘ट्रॅपेझियम’ या हाडावर अंगठ्याचे पहिले लांब हाड टेकलेले असते. दोन्ही पृष्ठभाग घोड्याच्या खोगिराप्रमाणे वक्र असल्याने यास खोगीरसांधा म्हणतात. त्यामुळे अंगठा दोन दिशांना हलतो आणि काहीसा वळतोही. परंतु या स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागते. हाडांची पकड सैल असल्याने सांध्याचे स्थैर्य मुख्यतः अस्थिबंधांवर अवलंबून राहते. कूनी व चाओ यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, अंगठ्याच्या टोकाशी चिमटीत १ किलो बल लावले असता मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलो भार येतो. दिवसभर चिमटीनेच काम करणाऱ्याच्या सांध्यावर किती भार पडत असेल, याची कल्पना यावरून यावी.

अस्थिबंध सैल पडले की हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते, लांब हाडाचे मूळ बाहेर सरकते आणि अंगठा तळहाताकडे ओढला जातो. हा विकार रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत अधिक आढळतो. क्ष-किरण चित्रावरून त्याच्या चार अवस्था केल्या जातात. परंतु चित्रातील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. म्हणून उपचाराचा निर्णय केवळ चित्र पाहून घेणे योग्य ठरत नाही.

शस्त्रक्रियेचा प्रवास

आधारपट्टी, हाताचे व्यायाम, कामाच्या पद्धतीत बदल, वेदनाशामके व प्रसंगी सांध्यात इंजेक्शन हे आरंभीचे उपचार होत. त्यांनी भागले नाही तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

ब्रिटनमधील शल्यविशारद गर्व्हिस यांनी १९४९ मध्ये ट्रॅपेझियम हे हाड संपूर्ण काढून टाकण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रिकाम्या जागेत तंतुमय ऊती तयार होतात व हाडावर हाड घासणे थांबते. अंगठा किंचित आखूड होतो आणि पकड परत येण्यास काही महिने लागतात. पुढे त्या पोकळीत कंडरेची गुंडाळी भरून अस्थिबंध पुन्हा बांधण्याची पद्धतही रूढ झाली.

दरम्यान कृत्रिम भागांचे प्रयोग सुरू झाले. स्वॉन्सन यांचा सिलिकॉनचा भाग आरंभी आशादायक वाटला; परंतु झिजलेल्या सिलिकॉनच्या कणांमुळे आजूबाजूच्या ऊतींचा दाह होऊ लागला. फ्रान्समध्ये द ला काफिनिएर यांनी १९७० च्या दशकात खुब्याच्या धर्तीवर गोळा व वाटी असलेला सांधा बसविला. येथे अडचण होती ती आकाराची. खुब्याच्या वाटीला कटीच्या भक्कम हाडाचा आधार मिळतो, तर अंगठ्याची वाटी छोट्याशा ट्रॅपेझियममध्येच रोवावी लागते. त्यामुळे ती सैल होणे किंवा गोळा निसटणे असे प्रकार घडत. अलीकडच्या दुहेरी हालचालीच्या रचनेत गोळा निसटण्याचे प्रमाण घटले आहे. अशा रोपणानंतर हात कामाला लवकर लागतो व अंगठ्याची लांबी टिकते. रोपण निकामी झाल्यास ते काढून हाड काढण्याच्या जुन्या पद्धतीकडे वळता येते, ही जमेची बाजू.

तरीही नवे ते श्रेष्ठ असे गृहीत धरता येत नाही. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात वेदना वा कार्यक्षमता या निकषांवर कोणतीही एक शस्त्रक्रिया इतरांपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झाले नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने मात्र ‘किती दिवस काम बुडेल’ हा निकष त्या दोहोंइतकाच महत्त्वाचा आहे.

नियमन आणि आरोग्यसेवा

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत उपकरणांचे जोखमीनुसार चार वर्ग केलेले आहेत. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे ‘औषध’ या व्याख्येत आली. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरविल्या; कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ही मर्यादा कर वगळून ५४,७२० रुपये होती. तो आदेश गुडघ्यापुरता होता.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देते. बाह्यरुग्ण उपचार तिच्या कक्षेत येत नाहीत. अंगठ्याच्या संधिवाताचा बराचसा उपचार मात्र बाह्यरुग्ण विभागातच होत असतो. परिणामी आधारपट्टीचा लहान खर्च रुग्णाच्या खिशातून जातो आणि संरक्षणाचे दार शस्त्रक्रियेच्या टप्प्यावर उघडते. हे अंतर आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या पातळीवर भरून काढता येईल. तेथील विस्तारित सेवांत वृद्धांच्या आरोग्याचा समावेश आहेच. आधारपट्टीसाठी शस्त्रक्रियागृह लागत नाही. हाताचे माप घेऊन ती घडविणारा व्यवसायोपचारतज्ज्ञ लागतो. या तज्ज्ञांचे शिक्षण व नोंदणी राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ च्या कक्षेत आणण्यात आली आहे.