मैत्र मागावं लागतं



आजचं चिंतन पसायदानाच्या दुसऱ्या ओवीवर. शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 ला, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि शेवटी माऊलींनी नऊ ओव्यांत हे मागणं मागितलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं ते शाळेच्या प्रार्थनेतच पाठ झालंय. पाठ झालं की अर्थाकडे लक्ष जात नाही, म्हणून आज एकच ओवी.

पहिल्या ओवीत माऊली विश्वात्मक देवाकडे प्रसाद मागतात. त्या प्रसादात काय हवं, हे दुसऱ्या ओवीपासून येतं. आणि सगळ्यात आधी कोणाची आठवण? खळाची, म्हणजे दुष्टाची. त्याचा नाश होवो, असं मागणं नाही. त्याचा वाकडेपणा जावो. मग त्याला सत्कर्माची गोडी लागो. मग सगळ्या जीवांचं एकमेकांशी मैत्र जडो. आम्ही इंजिनिअर बग काढतो, त्यासाठी अख्खा प्रोग्रॅम डिलीट करत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपला हात आधी डिलीटकडेच जातो.

हे मागणारा कोण, तेही बघा. संन्याशाची मुलं म्हणून या भावंडांना वाळीत टाकलं होतं, असं परंपरा सांगते. ज्यांच्या वाट्याला मैत्र आलं नाही, त्यांनी ते सगळ्यांसाठी मागितलं.

आमच्या डिलाईल रोडला मैत्र वेगळं मागावं लागत नव्हतं. 1920 च्या दशकातल्या बीडीडी चाळी, 160 चौरस फुटांची खोली, दार दिवसभर उघडं, संडास सामायिक. रात्री कडाक्याचं भांडण झालं तरी सकाळी रांगेत तेच तोंड समोर. 1982 च्या गिरणी संपात पगार थांबले, तेव्हा शेजारच्या डब्यातलं पीठ-तांदूळ कामी आलं, हे घरातल्या मोठ्यांकडून ऐकलंय. आता पुनर्विकासात 500 चौरस फुटांचं घर, स्वतःचा संडास. हे हवंच होतं. चाळीचे हाल ज्यांनी काढले, त्यांना उगाच चाळीचं कौतुक सांगू नये. पण दार आता बंद राहणार. जे मैत्र चाळीच्या बांधणीतून आपोआप मिळायचं, ते आता मनापासून जोडावं लागणार.

आमच्या ग्रुपवर एक काका प्रत्येक निर्णयावर तिरकस मेसेज टाकतात. ‘यांना रिमूव्ह करा’ अशी मागणी झाली. एका मित्राने रिमूव्ह करण्याआधी फोन केला. काकांचा जन्म तळमजल्यावर गेला, काकूंचे गुडघे गेलेत, आणि वरच्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर हिला खाली कसं आणायचं, ही धास्ती. कुणी विचारलंच नव्हतं. मेसेज अजून येतात, तिरकसच येतात. पण आता आम्हाला त्यातली धास्ती वाचता येते, आणि उत्तर द्यायला कुणीतरी जिना चढून जातं. वाकडेपणा गेला का? काकांचा माहीत नाही. आमचा थोडा गेला.

आजचा अभ्यास: म्यूट केलेलं एक नाव आठवा. झोपण्याआधी पसायदान म्हणताना दुसऱ्या ओवीला थांबा आणि त्या माणसासाठी मागा. जमलं तर उद्या फोनही करा.

राम कृष्ण हरि.