मावळांतील स्थलनामें

भूगोलाचा नकाशा आपण बहुधा परीक्षेपुरताच पाहतों. परंतु त्यावरील प्रत्येक नांव कोणीतरी कांहीं कारणानें ठेविलेलें असतें. उत्तर अमेरिकेंतील अल्गोंक्विन लोकांच्या भाषेंत ‘क्वेबेक’ म्हणजे नदी जेथें अरुंद होते तें ठिकाण. फ्रेंचांनीं १६०८ सालीं तेथें शहर वसविलें, तरी नांव मूळ रहिवाशांचेंच राहिलें. आपल्या भोर व वेल्हें भागांतील नांवेंही अशींच बोलकीं आहेत.

कांहीं नांवें भूमीवरून पडलीं. मावळ म्हणजे मावळतीकडील मुलूख. त्याचे पोटभाग नद्यांशीं जोडलेले आहेत: गुंजवणीचें गुंजण मावळ, कानंदीचें कानद खोरें, वेळवंडीचें वेळवंड खोरें. तोरण जातीच्या झाडांवरून ‘तोरणा’ हें नांव पडलें असें सांगतात. आणि त्याच्या एका माचीवरील सुळका पालथ्या बुधल्यासारखा दिसतो, म्हणून ती बुधला माची.

कांहीं नांवांस कारभाराची जोड मिळाली. राजगडाजवळ पाल बुद्रुक व पाल खुर्द अशीं दोन गांवें आहेत. हे शब्द फारसी असून त्यांचा अर्थ थोरलें व धाकटें इतकाच.

कांहीं नांवें राज्यकर्त्यांनीं दिलीं. शिवाजी महाराजांनीं मुरुंबदेवाच्या डोंगरास ‘राजगड’ म्हटलें व तोरण्यास ‘प्रचंडगड’. औरंगजेबानें १७०४ सालीं तोरणा जिंकून त्यास ‘फुतूह-उल-गैब’ असें नांव दिलें. तें आज कोणाच्याही तोंडीं नाहीं. प्रचंडगड पुस्तकांत राहिला, लोकांच्या तोंडीं तोरणाच. राजगड मात्र रुजला. कारण तेथें सुमारें पंचवीस वर्षें स्वराज्याची राजधानी नांदली. याकोबानें लूज गांवास ‘बेथेल’, म्हणजे देवाचें घर, म्हटलें. तें नांवही त्यास तेथें आलेल्या अनुभवामुळें टिकलें. केवळ आज्ञेनें नांव टिकत नाहीं, त्यामागें जीवन असावें लागतें. २०२४ सालीं वेल्हें तालुक्यास ‘राजगड’ नांव देण्यास राज्य मंत्रिमंडळानें मान्यता दिली, तीही याच स्मृतीच्या बळावर.

मोठीं नांवें सरकारी दप्तर जपेल. पण शेत, झरा, पाणंद, खिंड यांचीं नांवें कोण जपणार? भाटघरच्या धरणानें वेळवंडीच्या खोऱ्यांतील पुष्कळ भूमी पाण्याखालीं गेली. भूमी गेली कीं तिचीं लहान नांवें केवळ वृद्धांच्या स्मरणांत उरतात, आणि त्यांच्याबरोबरच जातात.

म्हणून येत्या सुटींत प्रत्येकानें आपल्या आजोबा-आजींस विचारून गांवचीं दहा नांवें वहींत लिहावीं. उच्चार जसा ऐकला तसाच लिहावा. दोन शब्द सारखे वाटले म्हणून अर्थ ठरवूं नये. आधीं ती जागा स्वतः पाहावी, मग अर्थ शोधावा.